निळ्या रंगाची साक्ष

साहित्यकृतीचे परीक्षण करताना तिचा आशय काय आणि तो मांडण्याची रीत कोणती, असे दोन प्रश्न आपण वेगवेगळे विचारतो. आशय थोर असूनही मांडणी फसलेली असू शकते. उलट मांडणीच्या झगमगाटात आशयाचा तोकडेपणा झाकूनही जातो. कथा-कवितांना लावली जाणारी ही कसोटी विज्ञानाच्या चित्रांना लावण्याची प्रथा मात्र आपल्याकडे नाही. दिनदर्शिकेवर, शाळेच्या भिंतीवर किंवा मुलांच्या मोबाइलवर अवकाशाचे एखादे रंगीत चित्र आले की आपण क्षणभर थक्क होतो आणि पान उलटतो. चित्राने आपल्याला नेमके काय दाखवले आणि काय दाखवल्याचा केवळ भास निर्माण केला, हे विचारावे असे आपल्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका जगप्रसिद्ध चित्राचे, आणि ज्या शोधनिबंधाबरोबर ते जगापुढे आले त्या निबंधाच्या शीर्षकाचे, परीक्षण करावयाचे आहे.

२१ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने हे चित्र प्रसिद्ध केले. 'बुलेट क्लस्टर' या नावाने ते ओळखले जाते. क्लस्टर म्हणजे दीर्घिकांचा समूह. आपली आकाशगंगा ही जशी अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका, तशा शेकडो दीर्घिका परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या जाऊन एकत्र नांदतात, तो हा समूह. दक्षिण आकाशातील कॅरिना या तारकासमूहाच्या दिशेने, आपल्यापासून सुमारे ३.८ अब्ज प्रकाशवर्षांवर, असे दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार निघून गेले आहेत. चित्राच्या मध्यभागी गुलाबी रंगाचे दोन ढग आहेत. त्यांपैकी उजवीकडचा बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार असल्यामुळे समूहाला हे नाव पडले. गुलाबी ढगांच्या बाहेरच्या अंगांना निळ्या रंगाचे दोन पुंजके आहेत आणि सर्वत्र दीर्घिकांचे पांढुरके-नारिंगी ठिपके विखुरले आहेत. निळा रंग म्हणजे 'डार्क मॅटर', अर्थात कृष्णद्रव्य, असे चित्रासोबतचा मजकूर सांगतो.

येथेच चोखंदळ वाचकाने थांबावयास हवे. ज्या द्रव्यातून प्रकाश निघत नाही, ज्यावर तो अडत नाही, ते द्रव्य चित्रात दिसते कसे? उत्तर असे की या एका चित्रात तीन निरनिराळ्या प्रकारचे साक्षीदार एकाच पिंजऱ्यात उभे केलेले आहेत. दीर्घिकांचे ठिपके ही चिलीतील मॅगेलन दुर्बीण आणि अवकाशातील हबल दुर्बीण यांनी टिपलेल्या साध्या प्रकाशाची नोंद आहे. गुलाबी ढग म्हणजे समूहांतील अतितप्त वायू. त्याचे क्ष-किरण चंद्रा या अवकाश-वेधशाळेने टिपले. आपले डोळे क्ष-किरण पाहू शकत नाहीत म्हणून त्यांना गुलाबी रंग दिला, इतकेच. तेथून काहीतरी निघाले आणि यंत्रावर येऊन पडले, हे मात्र खरे. निळ्या रंगाचे तसे नाही. त्या जागेहून कोणताही किरण कोणत्याही यंत्रावर येऊन पडलेला नाही. निळा रंग हा गणिताचा निष्कर्ष आहे. तो छायाचित्रावर नंतर चढविण्यात आला आहे.

हे गणित कोणते, ते समजून घेतल्याविना या चित्राला न्याय देता येणार नाही. प्रकाशाचा किरण एखाद्या जड वस्तूजवळून जाताना वाकतो, हे आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धान्ताचे भाकीत. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याजवळच्या ताऱ्यांची स्थाने मोजून ते पडताळून पाहिले. जो नियम सूर्याला, तोच दीर्घिकेला आणि दीर्घिकांच्या समूहालाही. मागच्या वस्तूचा प्रकाश मधल्या वस्तुमानाजवळून वाकून आपल्याकडे येतो आणि मधले वस्तुमान जणू भिंगाचे काम करते. यालाच गुरुत्वीय भिंग म्हणतात. १९३६ साली आइनस्टाइन यांनी एका ताऱ्याने दुसऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाचे असे भिंग होण्याविषयी लिहिले खरे, परंतु ते कधी पाहायला मिळेल अशी आशा त्यांना नव्हती. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञाने निराळा विचार मांडला: ताऱ्याऐवजी संपूर्ण दीर्घिकाच भिंग मानली, तर हा चमत्कार दिसायला हवा. हेच झ्विकी १९३३ मध्ये कोमा समूहातील दीर्घिकांचे वेग मोजून म्हणाले होते की, जे दिसते त्याहून कितीतरी अधिक द्रव्य तेथे असल्यावाचून हा समूह एकत्र टिकणार नाही. १९७९ मध्ये एकाच क्वेसारची दोन प्रतिबिंबे शेजारी शेजारी आढळली आणि झ्विकींचे म्हणणे खरे ठरले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही पुढच्या दशकात अशा भिंगांचा अभ्यास केला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर दीर्घिकांच्या समूहांभोवती प्रकाशाच्या लांबलचक कमानी सापडल्या. अबेल ३७० या समूहाजवळची कमान समूहाच्या कितीतरी मागे असलेल्या दीर्घिकेची ताणली गेलेली प्रतिमा आहे, हे १९८८ पर्यंत सिद्ध झाले.

कमानी डोळ्यांना दिसतात. पण बुलेट क्लस्टरच्या चित्रातील निळा रंग ज्या परिणामावर मुख्यतः आधारलेला आहे, तो असा ढळढळीत नाही. तो समजण्यास भातशेताची कल्पना करावी. शेतातले प्रत्येक रोप आपापल्या परीने थोडेसे कुठेतरी कललेलेच असते. एका रोपाकडे पाहून वारा कोणत्या दिशेने वाहतो ते सांगता येणार नाही. परंतु बांधावर उभे राहून हजारो रोपे पाहिली आणि त्या सर्वांचा एकत्रित कल पूर्वेकडे आहे असे आढळले, तर वारा पश्चिमेकडून येतो असे आपण निःशंकपणे म्हणतो. मागच्या दूरस्थ दीर्घिकांचे तसेच आहे. प्रत्येक दीर्घिका जन्मतःच कमीअधिक लांबोळी असते. भिंगामुळे तिच्या आकारात पडणारा फरक बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांहूनही कमी असतो. एकेका दीर्घिकेवरून काही कळत नाही. परंतु असंख्य दीर्घिकांचे आकार मोजून सरासरी काढली आणि त्या सर्व एखाद्या बिंदूभोवती जणू फेर धरल्याप्रमाणे किंचित ताणलेल्या आढळल्या, तर त्या बिंदूपाशी वस्तुमान आहे असा निष्कर्ष निघतो. वारा पाहिला नाही, पिकाचा कल पाहिला. चित्रातील निळा रंग हा त्या वाऱ्याचा नकाशा आहे.

आता शोधनिबंधाच्या युक्तिवादाकडे वळू. डग्लस क्लो, मारुशा ब्राडाच, मॅक्सिम मार्केविच आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. दीर्घिकांच्या समूहात डोळ्यांना दिसणारे तारे हे वस्तुमानाच्या दृष्टीने अगदी किरकोळ, एक-दोन टक्के. तप्त वायू त्यांच्या कितीतरी पट, म्हणजे पाच ते पंधरा टक्के. उरलेले कृष्णद्रव्य, असा सर्वसाधारण हिशेब. एरवी ही तिन्ही एकाच जागी मिसळलेली असल्यामुळे कोणाचे वजन किती हे वेगळे करता येत नाही. परंतु दोन समूहांची टक्कर झाली म्हणजे निवाडा करण्याची संधी मिळते. दीर्घिका विरळ असल्यामुळे एकमेकींना न लागता आरपार जातात. वायूचे कण एकमेकांत अडकतात, ढकलाढकली होते आणि वायू मागे रेंगाळतो. आता कृष्णद्रव्य नावाचे काही नसेलच, तर समूहातील बहुतेक वस्तुमान वायूचे ठरेल आणि भिंगाचा मध्य वायूपाशी, म्हणजे गुलाबी ढगावर यायला हवा. प्रत्यक्षात तो तेथे नाही. तो पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांपाशी आहे. ज्या जागी दृश्य द्रव्य थोडे, त्या जागी गुरुत्वाकर्षण अधिक. केवळ गुरुत्वाकर्षणाचा नियम थोडासा बदलून ही फारकत समजावता येत नाही, असे लेखकांचे म्हणणे.

हा युक्तिवाद अत्यंत देखणा आहे, आणि त्याचे देखणेपण रंगात नसून रचनेत आहे. आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हे अनुमान प्रमाणाचे उत्कृष्ट उदाहरण होय. डोंगरावर धूर पाहून तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. अग्नी पाहिलेला नसतो, तरी ज्ञान खोटे नसते. येथे धूर एका जागी आणि आच दुसऱ्या जागी, अशी विलक्षण परिस्थिती निसर्गाने स्वतःच मांडून ठेवली आणि शास्त्रज्ञांनी ती नेमकी ओळखली. यासाठी त्यांना द्यावे तेवढे श्रेय थोडेच.

मग आक्षेप कशाला? पहिला आक्षेप शीर्षकाला. निबंधाच्या शीर्षकाचा मराठी अर्थ असा होतो: 'कृष्णद्रव्याच्या अस्तित्वाची प्रत्यक्ष, अनुभवाधिष्ठित सिद्धता'. जे अनुमान आहे त्याला येथे प्रत्यक्ष म्हटले आहे. लेखकांच्या बाजूने असे म्हणता येईल की, गुरुत्वाकर्षणाचा अमुकच नियम गृहीत न धरता आम्ही निष्कर्षाला पोहोचलो, एवढाच 'प्रत्यक्ष' या शब्दाचा त्यांना अभिप्रेत अर्थ आहे. विषयातल्या जाणकाराला तो कळेलही. सामान्य वाचक मात्र 'प्रत्यक्ष' म्हणजे 'पाहिलेले' असेच समजणार. अनुमान हे प्रत्यक्षापेक्षा हलक्या दर्जाचे, अशी एक समजूत आपल्या सर्वांच्या मनात घर करून बसलेली असते. म्हणूनच अनुमानाला प्रत्यक्षाची वस्त्रे नेसविण्याचा मोह होतो. वास्तविक या निबंधाला उसन्या वस्त्रांची काहीही गरज नव्हती.

दुसरा आक्षेप चित्राला, आणि तो अधिक गंभीर आहे. मूळ निबंधातील आकृती या रंगीत चित्रापेक्षा कितीतरी रुक्ष आहे. तीत वस्तुमान दाखविणाऱ्या समोच्च रेषा आहेत, आणि त्याबरोबर वस्तुमानाचा मध्यबिंदू किती खात्रीने कोठे आहे हे सांगणाऱ्या वेगळ्या पांढऱ्या रेषाही आहेत: ६८.३ टक्के खात्रीची रेषा, ९५.५ टक्क्यांची आणि ९९.७ टक्क्यांची. आपल्याला किती कळले आणि किती कळले नाही, याची ती प्रामाणिक कबुली होय. लोकांपुढे ठेवलेल्या चित्रात नेमक्या त्याच रेषा पुसल्या गेल्या आणि मऊ, सुंदर निळे धुके तेवढे उरले. शंकेला या चित्रात जागाच राहिली नाही.

याचा परिणाम काय होतो ते दुसऱ्या एका चित्रावरून दिसेल. अबेल ५२० हा असाच टक्कर झालेल्या दीर्घिकांचा समूह. २००७ मध्ये एका गटाने जाहीर केले की येथे वस्तुमानाचा एक पुंजका वायूपाशीच मागे राहिला आहे आणि तेथे दीर्घिका फारशा नाहीत. म्हणजे बुलेट क्लस्टरच्या नेमके उलट. २०१२ च्या आरंभी हबलच्या निरीक्षणांनी त्याला दुजोरा मिळाल्याचे सांगण्यात आले आणि त्याचेही रंगीत चित्र प्रसिद्ध झाले. त्या चित्रातही वस्तुमान निळेच. त्याच वर्षी पुढे क्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबलच्याच दुसऱ्या कॅमेऱ्याच्या आधारे पुन्हा मोजदाद केली, तेव्हा तसा पुंजका त्यांना आढळला नाही. शास्त्रज्ञांत मतभेद होणे यात वावगे काही नाही. शास्त्र असेच पुढे सरकते. प्रश्न चित्रांचा आहे. एका चित्रातील निळा रंग बळकट पुराव्यावर उभा, दुसऱ्यातील वादग्रस्त. परंतु दोन्ही निळे सारखेच शांत, सारखेच निश्चित. पाहणाऱ्याने खरे कोणते आणि डळमळीत कोणते हे कशावरून ओळखावे? जी मांडणी भक्कम आणि कच्च्या पुराव्यांतला फरक दाखवू शकत नाही, ती कितीही मोहक असली तरी सदोष म्हणावी लागेल.

तिसरा आक्षेप विरोधकांच्या वतीने. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ पासून असा विचार मांडला आहे की अधिक द्रव्य मानण्याऐवजी गतीचा वा गुरुत्वाकर्षणाचा नियमच अतिमंद त्वरणांसाठी बदलावा. या विचाराने एकेकट्या दीर्घिकांच्या फिरण्याचे स्पष्टीकरण आश्चर्यकारक नेमकेपणाने मिळते, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात. बुलेट क्लस्टरनंतर या पक्षाच्या काहींनी सुचविले की समूहांत सुमारे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाचे न्यूट्रिनो भरलेले असतील, तर गणित जुळेल. २००७ मध्ये ब्राउनस्टाइन आणि मॉफॅट यांनी गुरुत्वाकर्षणाच्या आणखी एका सुधारित नियमाने हाच समूह कृष्णद्रव्याविना समजावून दाखविल्याचा दावा केला. शीर्षकातील 'सिद्धता' या शब्दाने वाद मिटला नव्हता, हे यावरून उघड होते. पुढे वादाची एक बाजू दुबळी झाली ती शीर्षकामुळे नव्हे, तर मोजमापामुळे. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील काट्रिन प्रयोगाने न्यूट्रिनोचे वस्तुमान २०२२ मध्ये ०.८ आणि २०२५ मध्ये ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली असल्याचे दाखविले. दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या नेहमीच्या न्यूट्रिनोंचा आधार त्यामुळे निखळला. प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून, तपासून, मगच बाजूला ठेवणे याला न्याय म्हणतात. मोठ्या शब्दांनी त्याचे तोंड बंद करणे याला नव्हे.

एक आक्षेप आपल्या स्वतःच्या भाषेवरही घ्यावा लागेल. इंग्रजी 'डार्क' या शब्दासाठी आपण 'कृष्ण' हा शब्द योजला. कृष्ण म्हटले की काजळ, कोळसा, अमावास्येची रात्र डोळ्यांपुढे येते. परंतु काळी वस्तू प्रकाश शोषते आणि आपल्या मागचे झाकते. हे द्रव्य काहीच झाकत नाही. त्यातून मागच्या दीर्घिका निर्वेध दिसतात, केवळ थोड्या वाकलेल्या. जुन्या घराच्या खिडकीतील किंचित लहरी काचेतून अंगणातले माड वाकडे दिसावेत, तसे. ही काच काळी नाही, पारदर्शक आहे. तिचे अस्तित्व माडांच्या वाकण्यावरूनच कळते. 'पारदर्शी द्रव्य' असा शब्द रूढ झाला असता, तर गुरुत्वीय भिंगाची कल्पना मराठी मुलांना कितीतरी सोपी गेली असती. आता 'कृष्णद्रव्य' हा शब्द रुळला आहे. तो वापरावा, पण वापरताना मुलांना एवढे अवश्य सांगावे.

आणि हे द्रव्य आहे तरी काय? याचे उत्तर भिंग देत नाही. भिंग वजन सांगते, जात सांगत नाही. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटर खोल द्रवरूप झेनॉन साठवून या द्रव्याच्या कणाची वाट पाहणारा एलझेड हा प्रयोग चालविण्यात येतो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या २८० दिवसांच्या निरीक्षणांत असा एकही कण निश्चितपणे आढळला नव्हता. निळ्या रंगाची साक्ष म्हणजे 'येथे काहीतरी जड आहे आणि ते वायू नाही' एवढीच. ती साक्ष महत्त्वाची आहे. परंतु तिच्या तोंडी अधिक शब्द घालणे अयोग्य.

एवढे आक्षेप घेतल्यावर निर्णय काय द्यावा? प्रस्तुत लेखकाच्या मते शोधकार्य थोर, शीर्षक अतिशयोक्त, आणि चित्र सुंदर परंतु अपुरे. एकट्या चित्राच्या बळावर जे सिद्ध झाले असे म्हणता आले नसते, ते पुढच्या साक्षींनी पुष्कळसे बळकट केले. २००८ मध्ये एमएसीएस जे ००२५ या दुसऱ्या समूहातही वायू आणि वस्तुमान यांची अशीच फारकत दिसली. २०१५ मध्ये डेव्हिड हार्वी आणि सहकाऱ्यांनी ३० समूहांतील ७२ टकरींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचाही कौल कृष्णद्रव्याच्याच बाजूने पडला. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून खुद्द बुलेट क्लस्टरचा अधिक बारकाईचा वस्तुमान-नकाशा तयार झाला. एकाच्या मोठ्या आवाजापेक्षा अनेकांची जुळणारी साक्ष अधिक मोलाची, हे आपल्या गावच्या पंचायतीलाही ठाऊक असते.

मग चित्राची एवढी झडती घेण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आपल्या मुलांचे आहे. आज शाळेत जाणाऱ्या मुलाला 'हे बघ, शास्त्रज्ञांनी कृष्णद्रव्याचा फोटो काढला' असे आपण सांगितले, तर ते मान डोलावील. उद्या महाविद्यालयात गेल्यावर त्याला कळेल की निळा रंग कोणीच टिपला नव्हता, तो संगणकाने भरला होता. त्या क्षणी दोन वाटा फुटतात. एक मुलगा म्हणेल, 'मला अर्धवट सांगितले. खरी गोष्ट याहून अधिक नवलाची आहे.' दुसरा म्हणेल, 'म्हणजे सगळीच बनवाबनवी!' आणि मग लस असो, हवामानाचा अंदाज असो, तो कोणत्याच शास्त्रीय सांगण्यावर विसंबणार नाही. अशी तरुण मुले आज थोडी नाहीत. त्यांचा विश्वास खोटेपणाने मोडलेला नसतो. घाईने, सोपे करून सांगण्याच्या हौसेने मोडलेला असतो.

तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी असे चित्र मुलांपुढे ठेवताना तीन प्रश्न सोबत ठेवावेत. यातील कोणता भाग खरोखर कोठून तरी आलेल्या प्रकाशाचा आहे? कोणता भाग मोजून, हिशेब करून काढला आहे? आणि त्या हिशेबात चूक होण्याची शक्यता किती, हे कोणी सांगितले आहे काय? या तीन प्रश्नांनी चित्राचे सौंदर्य यत्किंचितही उणावत नाही. उलट, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला मंद प्रकाश वाटेत कोणत्या तरी अदृश्य भारामुळे किंचित वाकला, आणि ते वाकणे हजारो ठिपक्यांच्या आकारांतून वेचून माणसाने त्या भाराची जागा शोधून काढली, हे कळल्यावर ते निळे धुके पूर्वीपेक्षा अधिक सुंदर दिसू लागते. त्यात रंग भरणाऱ्याचे कौशल्य आहेच. परंतु खरी कमाई मोजणाऱ्याची आहे, आणि तिचे श्रेय त्याच्याच नावावर मांडले गेले पाहिजे.